तरवडीचा छापखाना आणि सोनईचा लेखक

नगर जिल्ह्यातल्या सोनईत राहून पुस्तक लिहिणाऱ्या, ते पदरच्या पैशाने छापणाऱ्या आणि स्वतःच विकणाऱ्या माणसाचे वर्ष उसाबरोबर फिरते. मुळा सहकारी साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो, तोडीच्या टोळ्या येतात, रस्त्यावर ट्रॅक्टर दिसू लागतात. घरचा ऊस तुटून बिल खात्यावर आले की मुद्रकाला द्यायच्या आगाऊ रकमेचा विषय घरात काढता येतो. लेखन त्याआधीच, पावसाळ्यात झालेले असते. पुस्तक सप्टेंबरात तयार होते आणि छपाईला जाते ते डिसेंबर-जानेवारीत. मधल्या महिन्यांत ते तीन-चार जाणत्या माणसांकडून वाचून घेतले, तर त्याचे भले होते.

ऊस तुटल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यावेत, असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. तो कुठे किती पाळला जातो हा वेगळा विषय. बोट दाखवायला निदान एक कलम आहे. विक्रीला ठेवलेल्या पुस्तकासाठी असे कलम नाही. चाळीस-पन्नास टक्के कमिशन कबूल करून प्रती दुकानात द्यायच्या, सहा महिन्यांनी हिशेब विचारायचा, आणि विकल्या गेलेल्या प्रतींचे पैसे मिळवण्यासाठी पुन्हा एसटीने नगर गाठायचे. सोनईचा लेखक वर्षाच्या शेवटी जो ताळेबंद मांडतो, त्यात लेखनाच्या कष्टांपेक्षा या वसुलीचे कष्ट अधिक असतात.

छपाईपूर्वीचे काम तर कुणाला दिसतच नाही. लेखकाने मोबाइलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर डीटीपीवाला त्याच्याकडच्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये नेतो तेव्हा जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्या अक्षरावर जातो, अवतरणचिन्हांच्या जागी चौकोन येतात. एकदा तपासलेले सगळे पुन्हा पहिल्या पानापासून तपासावे लागते. 160 पानांचे डेमी आकाराचे पुस्तक म्हणजे सोळापानी दहा फर्मे, आणि प्रत्येक फर्म्यात ऱ्हस्व-दीर्घाचे वाद. मराठी साहित्य महामंडळाने 1962 मध्ये चौदा आणि 1972 मध्ये आणखी चार लेखननियम दिले. ते अठरा नियम हाताशी ठेवून ओळ न् ओळ पाहणारा मुद्रितशोधक पुण्या-मुंबईबाहेर मिळणे कठीण झाले आहे. हा खर्च वाचवू नये. मुखपृष्ठावर हजारो रुपये घालून मुद्रितशोधन भाच्याकडून फुकट करून घेणारे लेखक पुस्तकाचे नुकसान करतात.

शुद्ध प्रतीची काळजी सोनईच्या नेवासे तालुक्याला तरी परकी वाटू नये. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली ती नेवाशात. हाताने नकला होत गेल्या तसतसे अपपाठ शिरत गेले, आणि जवळपास तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांनी पैठणला बसून पाठ शुद्ध केला.

त्याच तालुक्यातल्या तरवडी या खेड्याचे नाव आज किती लेखकांना ठाऊक आहे? कुकाण्याजवळच्या या गावातून मुकुंदराव पाटील ‘दीनमित्र’ नावाचे साप्ताहिक काढत. 1910 साली सुरू झालेले हे पत्र 1967 पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या मृत्यूपर्यंत चालले. सत्तावन्न वर्षे. ग्रामीण भागातून निघणारे देशातले पहिले वृत्तपत्र म्हणून त्याचा उल्लेख होतो. संपादक तेच, प्रमुख लेखक तेच, मालक आणि चालकही तेच. त्यांची स्वतःची पुस्तकेही याच धडपडीतून वाचकांपर्यंत गेली. ‘कुलकर्णी लीलामृत’, ‘शेटजी प्रताप’, ‘हिंदू आणि ब्राह्मण’, ‘ढढ्ढाशास्त्री परान्ने’ ही नावे सत्यशोधक चळवळीच्या अभ्यासकांना परिचित आहेत. स्वतंत्र लेखक-प्रकाशक म्हणजे काय, याचे इतके सलग आणि इतके दीर्घ उदाहरण मराठीत क्वचितच सापडेल.

काळ किती प्रतिकूल होता ते पाहावे. 1911 च्या जनगणनेत देशातल्या साक्षरांचे प्रमाण शंभरात जेमतेम सहा होते. नेवाशाच्या वाड्यावस्त्यांवर ते त्याहून जास्त असण्याचे कारण नव्हते. 1910 सालीच नवा प्रेस कायदा आला आणि छापखाना काढणाऱ्याकडून 500 ते 2,000 रुपयांपर्यंत जामीनरक्कम मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. दोन हजार म्हणजे त्या काळी चांगल्या जमिनीची किंमत. अशा वर्षी, अशा ठिकाणी एका तरुणाने साप्ताहिक सुरू केले, तेही पंचविशीत.

मुकुंदरावांच्या मागे एक परंपरा होती. ते कृष्णराव भालेकरांचे पुत्र. भालेकरांनी 1877 मध्ये ‘दीनबंधू’ काढला, आणि त्या पत्रापायी त्यांनी सोसलेली ओढाताण मुकुंदरावांच्या कानावर असणारच. महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये छापून प्रसिद्ध केली. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883 मध्ये लिहून पूर्ण झाला, पण काही भाग ‘दीनबंधू’त आल्यावर पुढचा मजकूर छापला गेला नाही. तोपर्यंत ते पत्र भालेकरांच्या हातून नारायण मेघाजी लोखंड्यांकडे गेले होते. फुल्यांचे, आणि तेही चळवळीच्या आपल्याच पत्रात! छपाईचे साधन दुसऱ्याच्या हाती असेल तर जवळच्या माणसाकडूनही लेखन अडते, हे या घटनेतून शिकण्यासारखे होते. मुकुंदरावांनी तरवडीत स्वतःचा छापखाना आणला त्यामागे हा अनुभव असणार, असे मानायला जागा आहे.

नगर जिल्ह्याला छापील नियतकालिक नवे नव्हते. अमेरिकन मराठी मिशनने ‘ज्ञानोदय’ 1842 मध्ये नगरलाच सुरू केला. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच्या मराठी विभागाचे संपादन केले. पण ‘ज्ञानोदया’मागे मिशन उभे होते. मुकुंदरावांमागे वर्गणीदार होते, दुसरे कुणी नाही.

सोनईच्या लेखकाने मन लावून अभ्यासावी अशी गोष्ट इथे आहे. मुकुंदरावांचा वाचक पुस्तक निघण्याच्या आधीच जमलेला होता. दर आठवड्याला पत्र वाचणारा, किंवा वाचता येत नसल्याने पारावर बसून ऐकणारा माणूस लेखकाला ओळखत होता. ‘कुलकर्णी लीलामृत’ पोथीच्या धाटणीने ओवीत लिहिले गेले, कारण श्रावणात पोथी ऐकणाऱ्या कानांना तीच चाल सवयीची होती. विषयही त्या माणसाच्या जगण्यातून आलेला. कुलकर्ण्याच्या दप्तरात आपल्या नावावर काय चढले आहे हे कुणब्याला वाचता येत नसे. सावकारी कागदाने पुणे आणि नगर जिल्ह्यांत काय पेटते, हे 1875 च्या दंग्यांनी दाखवले होते. कुलकर्णी वतने मुंबई राज्यात कायद्याने रद्द झाली ती 1950 मध्ये. ज्या वतनावर त्यांनी टीकेचा ग्रंथ लिहिला, त्याचा शेवट मुकुंदरावांनी हयातीत पाहिला.

आजचा क्रम उलटा झाला आहे. आधी पाचशे प्रती छापायच्या, मग मंगल कार्यालयात समारंभ करायचा, शाल-श्रीफळ द्यायचे, आणि वाचक कोण याचा विचार गठ्ठे घरी आल्यावर करायचा. पहिल्या महिन्यात दोनशे प्रती जातात त्या ‘सप्रेम भेट’ म्हणून. पाहुणे, शिक्षक, पुढारी, वर्गमित्र. कुणाला वाटत नाही की या पुस्तकाची काही किंमत छापलेली आहे. चहाच्या टपरीवर दोघांच्या चहाचे पैसे आग्रहाने देणारा मित्र दीडशे रुपयांचे पुस्तक मात्र हात पुढे करून मागतो. त्यात दुष्टावा नसतो. पुस्तक विकत घ्यायची वस्तू आहे ही सवयच आपल्या गावांना लागलेली नाही, आणि फुकट वाटून लेखक स्वतः ती लागू देत नाहीत.

वाचक आधी जमवण्याची वाट मराठीत पुन्हापुन्हा चोखाळली गेली आहे. एकोणिसाव्या शतकातल्या अनेक ग्रंथांच्या शेवटी आश्रयदात्यांच्या याद्या छापलेल्या सापडतात. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड पुरे केले ते कंपनी काढून, भाग विकून आणि वर्गणीदार मिळवून. 1974 च्या सुमाराला दिनकर गांगल, अरुण साधू, कुमार केतकर, अशोक जैन आदींनी ‘ग्रंथाली’ उभी केली, ती वाचक चळवळ म्हणून. याच नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातील धामणगावचे दया पवार, त्यांचे ‘बलुतं’ 1978 मध्ये ‘ग्रंथाली’ने काढले. त्या पुस्तकाला जो वाचक मिळाला, तो एखाद्या चकचकीत दुकानात वाट पाहत उभा नव्हता. तो चळवळीने गोळा केलेला होता. स्वतःच्या छापखान्याचे उदाहरण परदेशातही आहे. व्हर्जिनिया आणि लेनर्ड वुल्फ यांनी 1917 मध्ये घरातच हातयंत्र बसवून होगार्थ प्रेस सुरू केला. लंडनजवळचे ते जोडपे खिळे जुळवायला शिकत होते, तेव्हा ‘दीनमित्र’ सात वर्षांचा झाला होता.

वाचक आधी जमवून पुस्तक काढणे सोनईत आज शक्य आहे, उलट मुकुंदरावांच्या काळापेक्षा सोपे आहे. शे-पन्नास प्रती छापून देणारी डिजिटल यंत्रे आली आहेत, त्यामुळे पाचशेचा गठ्ठा घरात आणण्याची सक्ती उरलेली नाही. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय एजन्सीकडून लेखकाला स्वतःच्या नावावर, विनाशुल्क मिळतो; त्यासाठी मध्यस्थाला पैसे मोजू नयेत. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार प्रकाशनानंतर तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि इतर तीन ग्रंथालयांत प्रत पाठवायची असते. बरेच लेखक हे करत नाहीत. केले पाहिजे, कारण घरातली शेवटची प्रत वाळवीने खाल्ली तरी पुस्तक देशाच्या संग्रहात राहते. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. प्रकाशनपूर्व सवलतीत नावे नोंदवून घ्यायची, पैसे यूपीआयवर स्वीकारायचे आणि जमलेल्या रकमेवर छपाई करायची, हे एका मोबाइलवर होते. पूर्वी हेच काम मनीऑर्डर आणि व्ही.पी. करत असे.

अडते ते पुस्तक पोचवण्यापाशी. तरवडीहून ‘दीनमित्र’ गावोगाव गेला तो टपालाने. टपालखात्याची नोंदणीकृत बुकपोस्ट सेवा स्वस्त होती; लहान प्रकाशक, वाचनालये आणि लेखक तिच्यावर अवलंबून होते. डिसेंबर 2024 मध्ये ती बंद झाली. सोनईच्या लेखकाला गडचिरोलीच्या किंवा बेळगावच्या एका वाचकाला एक प्रत पाठवायची तर पाठवणावळ त्यानंतर पुस्तकाच्या किमतीला जाऊन भिडू लागली. मोठ्या शहरातल्या प्रकाशकाला वितरकाची साखळी आहे, ऑनलाइन विक्रेत्यांशी करार आहेत. खेड्यातल्या लेखकाला टपाल सोडून काही नाही. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि पुढच्या तीन महिन्यांच्या आत मराठी पुस्तक पाठवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग गेला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. पण भाषेचे खरोखर भले व्हावे असे वाटणाऱ्या प्रत्येकाने दुसरीबद्दल आवाज उठवायला हवा होता. साहित्य संमेलनांच्या ठरावांत सीमाप्रश्न येतो, शाळा येतात, आणि यायलाच हवेत. पुस्तकाच्या टपालदराचा ठरावही तितक्याच आग्रहाने यावा. 1997 चे सत्तरावे संमेलन नगरला भरले तेव्हा ‘अर्धविराम’कार यशवंतराव गडाख स्वागताध्यक्ष होते, सोनईचेच. या परिसराच्या शब्दाला साहित्यव्यवहारात वजन आहे. ते इथे वापरावे.

दुसरा आधार सार्वजनिक वाचनालयांचा. 1967 च्या ग्रंथालय कायद्यामुळे महाराष्ट्रात अकरा-बारा हजार शासनमान्य वाचनालये उभी आहेत, ‘अ’ ते ‘ड’ वर्गांत विभागलेली. त्यांची खरेदी बहुतेक मार्चच्या तोंडावर, अनुदानाच्या हप्त्यावर आणि ठरलेल्या वितरकाकडून होते. यादीत नाव नसलेल्या लेखकाला त्या दारातून आत जाता येत नाही, आणि गेला तर त्याच्याकडे भेटप्रत मागितली जाते. वाचनालय चालवणारी माणसे स्वतः तुटपुंज्या मानधनावर राबतात, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण एक गोष्ट अनुदान न वाढताही करता येईल.

नेवासे तालुक्यातल्या प्रत्येक वाचनालयाने येत्या मार्चच्या खरेदीत तालुक्यातल्या लेखकांची पुस्तके रीतसर पावती घेऊन, नेहमीची सवलत कापून, विकत घ्यावीत आणि त्यांचे एक वेगळे कपाट ठेवावे. त्या कपाटात पहिल्यांदा मुकुंदराव पाटलांची पुस्तके यावीत, जिथे मिळतील तिथून मिळवून. आणि सोनईच्या, घोडेगावच्या, कुकाण्याच्या ओळखीच्या लेखकाने नवे पुस्तक हातात ठेवले, तर वाचकांनी मलपृष्ठावरची किंमत पाहावी आणि तेवढे पैसे त्याच्या हातात द्यावेत.