वैमानिकाला २८ दिवस आधी, वाडीला केव्हा?

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरील नव्या टर्मिनलचे उद्घाटन पंतप्रधानांनी १० मार्च २०२४ रोजी दूरदृश्य प्रणालीद्वारे केले. प्रवासी त्या इमारतीतून प्रत्यक्ष ये-जा करू लागले ते १४ जुलै २०२४ पासून. मधले चार महिने पुण्यात दोन टर्मिनल होते, एक बातमीतले आणि एक चालू असलेले. उद्घाटनाची छायाचित्रे मोबाइलवर फिरत होती आणि लोक जुन्याच इमारतीत रांगा लावत होते. सुरक्षा दलाचे वाढीव मनुष्यबळ मिळायला वेळ लागला, असे कारण सांगितले गेले. ते खरे असेलही. आमचा आक्षेप उशिरावर नाही. 'उद्घाटन झाले' आणि 'सुरू झाले' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नागरिकाला ठळकपणे सांगणे कुणाचे काम, या प्रश्नावर आमचे बोट आहे.

विमानतळ हा विषय आपल्या अनेक वाचकांना दूरचा वाटेल. येरवडा, नागपूर चाळ, विश्रांतवाडी, धानोरी या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांवरून विमाने रोज जातात, पण त्यात बसणारे आपल्यातले थोडे. तरीही विमानतळाशी आपला संबंध आहे. तिथे झाडलोट करणारे, ट्रॉल्या ओढणारे, टॅक्सी चालवणारे हात आपल्या वस्त्यांतून जातात. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळवून घराण्यात पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेली मुलेमुली तिथूनच निघतात. आणि पुरंदर तालुक्यात नवा विमानतळ उभा करायचा ठरला आहे, तिथे प्रश्न थेट जमिनीचा आहे. माहिती चुकली, शिळी झाली किंवा मिळालीच नाही, तर सर्वांत आधी कुणाचे नुकसान होते, हे या तिन्ही ठिकाणी तपासून पाहण्यासारखे आहे.

आधी लोहगावची गुंतागुंत समजून घेऊ. हा मुळात हवाई दलाचा तळ, ब्रिटिश काळात १९३९ साली उभारलेला. धावपट्टी हवाई दलाची, टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे, आतली सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाची, बाहेरचे रस्ते महापालिकेचे, विमाने खासगी कंपन्यांची. एवढे मालक असले की माहितीलाही एवढेच मालक होतात. कोणत्या इमारतीतून विमान सुटणार हे कंपनी सांगते, धावपट्टी कधी बंद राहणार हे हवाई दलाच्या कामावर ठरते, बस कुठे थांबणार हे तिसरेच कुणी ठरवते. धावपट्टीच्या कामासाठी ऑक्टोबर २०२० पासून रात्रीची उड्डाणे बंद झाली आणि पुढच्या वर्षी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस विमानतळ पूर्ण बंद राहिला. ज्यांचे तिकीट कंपनीच्या खर्चाने काढलेले होते त्यांना दुसरा मार्ग मिळाला. ज्याने स्वतःच्या पैशाने, महिनाभर आधी, स्वस्तातले तिकीट काढले त्याची पंचाईत वेगळी असते.

नावाचेही तसेच. लोहगाव विमानतळाला 'जगद्गुरू संतश्रेष्ठ तुकाराम महाराज पुणे आंतरराष्ट्रीय विमानतळ' असे नाव देण्याच्या प्रस्तावाला राज्य मंत्रिमंडळाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. दुसऱ्याच दिवसापासून काही ठिकाणी हे नाव अधिकृत झाल्यासारखे लिहिले जाऊ लागले. राज्याने प्रस्ताव मंजूर करणे आणि केंद्राने आदेश काढणे या वेगळ्या पायऱ्या आहेत. तुकोबांच्या नावाला विरोध असण्याचे कारणच नाही. वर्णाच्या अहंकारावर कोरडे ओढणारा हा माणूस आपलाच आहे. पण कोणती पायरी झाली आणि कोणती राहिली, हे अचूक सांगणे हा त्या नावाचाही मान आहे. शिवाय नाव बदलले तरी तिकिटावरचा तीन अक्षरी संकेत आपोआप बदलत नाही. नागपूरच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे, तिकिटावर मात्र 'एनएजी' असते. पुण्याचा संकेत 'पीएनक्यू'. पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाला हे सांगावे लागते, कारण फलकावर एक, तिकिटावर दुसरे आणि रिक्षावाल्याच्या तोंडी तिसरे नाव असते.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येतो. विमानतळाची माहिती अचूक आणि ताजी ठेवणे जगाला अजिबात अशक्य वाटत नाही. उलट, ज्या थोड्या क्षेत्रांत माहितीची शिस्त अत्यंत कडक आहे त्यांत विमान वाहतूक येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे नियम सर्व सदस्य देशांना लागू आहेत. धावपट्टीची लांबी, दिव्यांची व्यवस्था, उतरण्याचा मार्ग यांतला महत्त्वाचा बदल वाटेल त्या दिवशी लागू करता येत नाही. जगभर दर २८ दिवसांनी येणाऱ्या ठरावीक तारखा आहेत, बदल त्या तारखेपासून लागू होतो. सूचना ४२ दिवस आधी पाठवायची, म्हणजे ती वापरणाऱ्याच्या हाती निदान २८ दिवस आधी पडते. अचानक काही घडले, धावपट्टीवर खड्डा पडला किंवा दिवा बंद पडला, तर 'नोटॅम' नावाची तातडीची सूचना निघते. तिच्यावर कधीपासून आणि कधीपर्यंत ही वेळ लिहिलेली असते. जुनी सूचना नव्या सूचनेने रद्द झाली तर तसे स्पष्ट म्हटलेले असते. दिल्लीचा वैमानिक असो की दुबईचा, त्याला तोच कागद मिळतो.

ही शिस्त कशामुळे आली? चुकीच्या माहितीने विमान पडते, म्हणून. विमान पडले की बातमी होते, चौकशी होते, कुणीतरी जबाबदार ठरतो. चुकीच्या माहितीने शेतमजुराचे घर मोडले तर चौकशी समिती बसत नाही.

पुरंदरकडे पाहा. पुण्याच्या नव्या विमानतळासाठी आधी खेड-चाकण परिसराची चर्चा झाली, शेतकऱ्यांनी विरोध केला. २०१६ मध्ये पुरंदरची जागा जाहीर झाली. पारगाव मेमाणे, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, उदाचीवाडी आणि वनपुरी ही सात गावे त्यात आली. मग पर्यायी जागेचा प्रस्ताव पुढे आला, संरक्षण मंत्रालयाने २०२१ मध्ये त्याची मान्यता मागे घेतली आणि पुन्हा मूळ सात गावांवर गाडी आली. क्षेत्र आधी अडीच हजार हेक्टरांहून अधिक होते, २०२५ मध्ये ते सुमारे १,२८५ हेक्टरांवर आणले गेले. मे २०२५ मध्ये ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळी गावकरी आणि पोलीस समोरासमोर आले, लाठ्या चालल्या. त्याच वर्षी पुढे संमतिपत्रे घेण्याचे काम सुरू झाले.

या दहा वर्षांचा हिशेब शेतकऱ्याच्या जागी बसून करा. विहीर खणायची की नाही? अंजीर-सीताफळाची नवी बाग लावायची की नाही? मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायचे तर भाव कोणता धरायचा? जागा आपल्या गटातून जाणार की शेजाऱ्याच्या, हे ठाऊक नसताना हे निर्णय घ्यायचे असतात. वैमानिकाला २८ दिवस आधी धावपट्टीवरचा दिवा कळतो, इथे माणसाला आपले शेत नकाशात आहे की बाहेर, हे वर्षानुवर्षे ऐकीव माहितीवर ठरवावे लागते. आणि ऐकीव माहितीचा बाजार असतो. नकाशा ज्याला आधी कळतो तो दलाल होतो, ज्याला नंतर कळतो तो विकणारा होतो.

या सात गावांतले खानवडी हे महात्मा फुल्यांच्या पूर्वजांचे गाव. कटगुणहून त्यांचे घराणे इथे आले आणि मग पुण्याला गेले. बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीर यांच्यासोबत ज्यांना गुरू मानले त्या जोतीरावांनी सरकारी कागद, कुलकर्ण्याची लेखणी आणि निरक्षर शेतकरी यांचे नाते फार पूर्वी ओळखले होते. त्यांच्याच गावात आज कागद कुणाच्या हाती आहे, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

आपल्या समाजासाठी यात एक जास्तीची गाठ आहे, ती महार वतनाच्या जमिनीची. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ मध्ये. त्यानंतर सारापटीची रक्कम भरलेल्यांना जमिनी नव्या शर्तीवर परत मिळाल्या, म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग-२. त्या विकायला सरकारची परवानगी लागते. जिथे रक्कम भरली गेली नाही तिथे सातबाऱ्यावर सरकारचे नाव राहिले, कसणारे मात्र तेच राहिले. काही ठिकाणी आजोबांच्या नावापुढे तीन पिढ्यांची वारस नोंदच नाही. अर्धे वारस मुंबईला, काही पिंपरीला, बहिणींची नावे कुणी लावलीच नाहीत. पुण्यातल्या मुंढव्याच्या सुमारे ४० एकर वतन जमिनीचा व्यवहार नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा अनेक तरुणांना वतन जमीन म्हणजे काय हे पहिल्यांदा कळले. भूसंपादनात संमती कुणाची विचारतात? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याची. म्हणून जुनी नोंद ही इथे नुसती कारकुनी चूक राहत नाही, मोबदला कुणाच्या खात्यात जाणार हे ती ठरवते.

आणि ज्यांना जमीनच नाही त्यांचे काय? २०१३ च्या भूसंपादन कायद्याने 'बाधित कुटुंब' या शब्दात भूमिहीन शेतमजूर, कुळे आणि कारागीरही धरले, संपादनाआधी तीन वर्षे त्यांची उपजीविका त्या जमिनीवर असेल तर. त्या कायद्यात सामाजिक परिणामांचे मूल्यांकन आहे, त्याचा अहवाल स्थानिक भाषेत पंचायतीत ठेवण्याची अट आहे. पुरंदरचे संपादन होत आहे १९६१ च्या एमआयडीसी कायद्याखाली. त्यात सामाजिक परिणाम मूल्यांकनाची पायरीच नाही. म्हणजे कोण बाधित होणार याची गावाने मिळून करायची यादी ज्या टप्प्यावर झाली असती, तो टप्पा वगळला गेला. विकसित भूखंड, वाढीव दर या सगळ्या चर्चा जमीनमालकाभोवती फिरतात. बागेत खुरपणीला जाणाऱ्या बाईचे नाव कोणत्या कागदावर येणार? विमानतळाला सरसकट विरोध किंवा सरसकट पाठिंबा, या दोन्ही घोषणांत ती बाई हरवते, हे आंदोलनातल्या मित्रांनाही सांगायला हवे.

नोकरीच्या आमिषाबद्दल थोडक्यात. विमानतळ म्हटले की 'ग्राउंड स्टाफची भरती' असे संदेश वस्त्यांमध्ये फिरू लागतात, नोंदणीसाठी दोन-पाच हजार मागितले जातात. प्राधिकरणाची स्वतःची पदभरती त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाहीर होते आणि तिथे अनुसूचित जातींचे आरक्षण असते. टर्मिनलमधली बहुतेक रोजची कामे मात्र कंत्राटदारांमार्फत होतात, तिथे आरक्षण नाही. 'प्रकल्पामुळे एवढे रोजगार' असा आकडा कुणी भाषणात सांगितला, तर त्यातले कायम किती आणि कंत्राटी किती, हे तिथेच विचारावे.

माहिती अधिकार कायदा २००५ चे कलम ४ आपल्या कार्यकर्त्यांनी पुरेसे वापरलेले नाही, असे आम्हाला वाटते. आपण कलम ६ चा अर्ज करतो आणि उत्तराची वाट पाहतो. कलम ४ सांगते की कुणी मागितले नाही तरी माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि ती वेळोवेळी अद्ययावत ठेवायची. ४(१)(ग) नुसार लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीच्या सर्व महत्त्वाच्या बाबी प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. ४(४) स्थानिक भाषेचा आग्रह धरते. हवाई दलाच्या तळाची काही माहिती सुरक्षेच्या कारणाने नाकारली जाईल, ते समजण्यासारखे आहे. पण गटनिहाय यादीची शेवटची दुरुस्ती कोणत्या तारखेची, यात कोणती सुरक्षा धोक्यात येते?

सात गावांतल्या आणि पुण्यातल्या तरुणांनी सध्या चार गोष्टी मागाव्यात असे आम्ही सुचवतो. संपादनातील गटांची आजच्या तारखेची यादी, त्यात वर्ग-२ चे आणि सरकारच्या नावे असलेले पूर्वीचे वतन गट वेगळे दाखवून. त्या गटांवरील प्रलंबित वारस नोंदींची स्थिती. भूमिहीन कुटुंबांची गणना झाली असल्यास तिची प्रत, झाली नसल्यास तसे लेखी उत्तर. आणि प्रत्येक नकाशावर तो कधीचा आहे व कोणत्या नकाशाची जागा घेतो याची नोंद, अगदी 'नोटॅम'वर असते तशी. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातील भूसंपादन शाखेच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे आणि एमआयडीसीकडे वेगवेगळे करावेत, म्हणजे एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवण्यात महिना जात नाही. अर्ज मराठीत चालतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. वारस नोंदीसाठी मात्र उत्तराची वाट पाहू नका. मृत्यूचे दाखले आणि वंशावळीचे प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज आताच द्या आणि पोच घ्या, बहिणींची नावे त्यात घालून.