मांजरेच्या पाण्याचा जमाखर्च

ज्या घरांत जमेचा आंकडा ठाऊक नसतां खर्च चालतो, त्या घरीं सावकाराचें पाऊल लवकरच पडतें, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु हाच नियम पाण्यासही लागू आहे, हें मात्र आपण सोयीस्करपणें विसरतों. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून नुकतीच निवृत्ति घेतली. आमचें शिक्षण मराठी सातवीपर्यंतचें. धरणें बांधण्याची विद्या आम्हांस अवगत नाहीं. तथापि बेरीज-वजाबाकी येते, व प्रस्तुत प्रश्नास तेवढी पुरेशी आहे, असें आमचें नम्र मत आहे.

लातूर शहरास पाणी पुरविणारें मांजरा धरण बीड जिल्ह्यांत केज तालुक्यांतील धनेगांव येथें आहे. त्याचा उपयुक्त सांठा सुमारें १७७ दशलक्ष घनमीटर. २०१४ व २०१५ या लागोपाठच्या दोन वर्षीं पावसानें दगा दिला, धरण कोरडें पडलें, आणि मार्च २०१६ मध्यें पाण्याच्या टांक्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम लावण्याची पाळी आली. एप्रिलांत तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. आरंभीं दहा वाघिणींची गाडी येई, पुढें पन्नास वाघिणींची येऊं लागली. पन्नास वाघिणींच्या एका खेपेस सुमारें २५ लक्ष लिटर पाणी येई. त्या गाडीचें कौतुक फार झालें. हिशेब मात्र कोणीं मांडल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. तो येथें मांडतों.

२०११ च्या शिरगणतीप्रमाणें लातूर शहराची वस्ती सुमारें ३ लक्ष ८२ हजार होती. माणशीं रोज १३५ लिटर हें शहरी प्रमाण धरल्यास दररोज ५ कोटि १५ लक्ष लिटर पाणी हवें. म्हणजे पूर्ण गरज भागविण्यास तशा विसांहून अधिक गाड्या रोज आणाव्या लागत्या. वर्षाची गरज सुमारें १९ दशलक्ष घनमीटर, अर्थात् भरलेल्या धरणाच्या उपयुक्त सांठ्याचा नववा हिस्सा. आतां दुसरी बाजू पाहूं. उसास पाटानें पाणी दिल्यास ढोबळ मानानें दोन मीटर खोलीचें पाणी लागतें, म्हणजे एकरीं सुमारें ८० लक्ष लिटर. तेव्हां ज्या आगगाडीस पाहण्यास लोक लोटले, तिच्या एका खेपेचें पाणी बारा-साडेबारा गुंठे ऊस वर्षभरांत पिऊन टाकतो. आणि साऱ्या शहराची वर्षाची तहान म्हणजे सुमारें २,३५० एकर उसाचें पाणी होय.

यावर आमचे बंधु रागावून म्हणतील कीं, धरणाखालीं जमिनी गेल्या त्या आमच्या, आणि दोषही आमच्याच माथीं कां? हा राग अगदींच अस्थानीं नाहीं. २००३ च्या राज्य जलनीतींत पिण्याच्या पाण्याखालोखाल कारखानदारीस स्थान देऊन शेतीस तिसऱ्या पायरीवर बसविलें होतें. २०११ मध्यें शेतीस दुसरें स्थान परत मिळालें. शिवाय शेतकरी ऊस लावतो तो हौसेनें नव्हे. उसास ठरलेला भाव व ठरलेलें गिऱ्हाईक आहे. तूर व सोयाबीन यांची एवढी मोठी पेठ लातुरांत असूनही त्यांच्या भावाची शाश्वति नाहीं. ती शाश्वति दिल्यावांचून ऊस सोडा म्हणणें हा कोरडा उपदेश झाला. परंतु आपली बाजू न्याय्य आहे म्हणून आपला हिशेब तपासूंच नये, असें मात्र ठरत नाहीं.

येथें एक कबुली दिली पाहिजे. कोणत्या गटांत कोणतें पीक, त्यास पाणी विहिरीचें कीं पाटाचें, हें गांव नमुना बारामध्यें लिहिलेलें असतें. पीकपाहणी बांधावर जाऊन व्हावी, असा नियम. पण चावडींत बसून गतवर्षाच्याच नोंदी पुन्हां उतरविल्याचीं उदाहरणें आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्या नोंदींच्या बेरजा आम्हींच मारल्या आहेत. बेरीज बिनचूक, पण मूळ आंकडाच खोटा! अशा आंकड्यांवर पंचवीस वर्षांच्या पाण्याची योजना कशी उभी राहणार? २०२१ पासून ई-पीक पाहणींत शेतकरी स्वतः मोबाइलवर नोंद करतो. आतां तलाठ्यास बोल लावण्याची सोय उरली नाहीं. विंधनविहिरीवरचा ऊस आपण लपविला, तर आपल्याच नातवंडांचें पाणी लपविलें असें होईल.

२००५ च्या कायद्यानें प्रत्येक नदीखोऱ्याचा आराखडा करून त्यांवरून राज्याचा एकात्मिक जलआराखडा करण्याचें बंधन घातलें आहे. तत्त्व उत्तम आहे. पण तें मांजरेच्या कांठच्या गांवापर्यंत पोहोंचावें कसें? आमच्या मतें चार गोष्टी व्हाव्या. पहिली, दरसाल १५ ऑक्टोबरास धरणांतील सांठा मोजतांना लातूर, अंबाजोगाई, केज, कळंब वगैरे गांवांचें दोन वर्षांचें पिण्याचें पाणी व त्याची वाफ आधीं बाजूस काढावी, आणि उरेल त्यांतूनच पाळ्यांचें वाटप करावें. दुसरी, शहरानें गळक्या नळांची दुरुस्ती करावी आणि वापरलेलें पाणी शुद्ध करून शेतीस परत द्यावें. तें शहराचें शेतकऱ्यास देणें समजावें. तिसरी, भूगर्भांतील पाणी धरणाच्या पाण्याहून निराळें न मानतां विहिरी व विंधनविहिरी त्याच हिशेबांत धराव्या. चवथी, ऊस ठिबकावर घ्यावा, आणि त्यांतून वांचलेल्या पाण्यावर नवा ऊस लावूं नये. नाहीं तर ठिबकाचें पुण्य तेथेंच संपतें.

हें अशक्य आहे असें कोणीं म्हणूं नये. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार गांवानें पडलेला पाऊस मोजून पिकें ठरविण्याची व उसासारखें तहानेलें पीक न घेण्याची रीत कित्येक वर्षें पाळली आहे. जें एका गांवानें केलें, तें खोऱ्यांतील गांवांनीं एकत्र बसून करावयाचें आहे.

२०१६ च्याच पावसाळ्याअखेर मांजरा धरण भरलें, आणि उन्हाळ्यांतील धडा त्याच पुरांत वाहून गेला. पाऊस आला म्हणजे हिशेब नको वाटतो, आणि पाऊस गेला म्हणजे हिशेबास कांहीं उरत नाहीं. म्हणून हें काम भरल्या धरणाच्या वर्षींच केलें पाहिजे. आपल्या संघाच्या प्रत्येक शाखेनें येत्या ऑक्टोबरांत आपापल्या गांवच्या विहिरी, पिकें व पाऊस यांचा खरा तक्ता करून ग्रामसभेपुढें ठेवावा, एवढीच आमची विनंति आहे. सरकारापुढें मागणी घेऊन जातांना हातांत स्वतःचा खरा कागद असावा. त्यावांचून मागणीस वजन येत नाहीं, हें आम्हीं कचेरीच्या मेजापलीकडे बसून पुष्कळ वर्षें पाहिलें आहे.