फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर? थेट नागपूर गाठण्याआधी हे वाचा

नागपूरच्या मेडिकलमध्ये फक्त शहरातले रुग्ण येत नाहीत. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, शिवाय मध्य प्रदेशातल्या बालाघाट-छिंदवाड्याहूनही येतात. गडचिरोली ते नागपूर जवळपास 170 किलोमीटर, म्हणजे किमान तीन तास. लांबलेल्या मिरगीच्या झटक्यासाठी हे अंतर फारच जास्त आहे.

बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. पण हातपाय झाडणारी फिट पाच मिनिटांपुढे गेली, किंवा शुद्धीवर न येताच दुसरी आली, तर त्याला 'स्टेटस एपिलेप्टिकस' म्हणतात. अर्ध्या तासानंतर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. पूर्वी डॉक्टर व्याख्येतही 30 मिनिटंच धरायचे. आता पाचव्या मिनिटाला औषध सुरू करा, असं सांगितलं जातं.

एवढी घाई का? मिडाझोलम, लोराझेपाम ही औषधं मेंदूच्या पेशींवरच्या 'गाबा' रिसेप्टरमार्फत पेशींना शांत करतात. फिट लांबली की हे रिसेप्टर पेशीच्या आत ओढले जातात. मग औषध तेच, डोस तोच, पण असर कमी.

त्यात झटके देणाऱ्या हाताची शीर शोधणं सोपं नाही. 2012 च्या अमेरिकेतल्या 'रॅम्पार्ट' अभ्यासात ॲम्ब्युलन्समध्येच स्नायूत मिडाझोलम दिलेल्या 73 टक्के रुग्णांची फिट हॉस्पिटलला पोहोचेपर्यंत थांबली होती. शिरेतून लोराझेपाम दिलेल्यांमध्ये हे प्रमाण 63 टक्के होतं.

भारतात मिडाझोलमचा नाकात मारायचा स्प्रे मिळतो. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, डोस वजनावर ठरतो. आधी लांब फिट आलेल्या रुग्णाच्या घरी तो हवाच. पण कांदा आणि चप्पल हुंगवणं घराघरात माहीत आहे, स्प्रे मात्र अनेकांनी ऐकलेलाही नसतो!

फिट आली की घड्याळ बघा, रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-पाणी काहीच घालू नका. पाच मिनिटं झाली की 108. गरोदर बाई असेल किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, तर तेवढंही थांबू नका.

पहिल्या औषधाने फिट थांबली नाही तर लेव्हेटिरासेटाम, फॉस्फेनिटॉइन किंवा व्हॅल्प्रोएट देतात. 2019 च्या मोठ्या चाचणीत तिन्ही सारखीच ठरली, साधारण निम्म्या रुग्णांत उपयोगी. म्हणजे अमुकच औषध हवं म्हणून नागपूरकडे पळण्यात अर्थ नाही. पहिलं इंजेक्शन जवळच्या सरकारी दवाखान्यात घ्या. मेडिकलला त्यानंतर निघा.