खोल पाण्यांतील श्वास

मालवण-तारकर्लीस पाठीवर नळकांडें बांधून समुद्रांत उतरून आलेली तरुण मंडळी हल्लीं बऱ्याच घरीं आढळतात. अशाच एका चिरंजीवांनीं परवां आम्हांस विचारलें, “खूप खोल जावयाचें तर साध्या हवेऐवजीं शुद्ध प्राणवायु कां नेऊं नये?” प्रश्न वरवर बिनतोड दिसतो, पण तसें करणारा थोडक्याच खोलीवर प्राणास मुकावयाचा!

समुद्रांत दर १० मीटरांस पृष्ठभागावरील हवेइतका आणखी दाब वाढतो, आणि श्वासांतील प्रत्येक वायु त्या मानानें दाट होतो. प्राणवायूचा स्वतःचा दाब त्या मूळ दाबाच्या १.६ पटींपलीकडे गेला कीं आंचके येण्याचें भय असतें. म्हणून निव्वळ प्राणवायूची मर्यादा अवघी ६ मीटर. त्याचें हें विषारी रूप पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालींच दाखवून दिलें होतें. साधी हवाहि ६६ मीटरांवर त्याच मर्यादेस पोंचते. आणि त्याच्या पुष्कळ आधीं, तिसाएक मीटरांपासून, तींतील नत्रवायु मद्यासारखा चढूं लागतो. आपण गुंगींत आहों हें त्या पाणबुड्यास स्वतःस कळत नाहीं, हें अधिक वाईट. यास्तव फार खोल जाणारे नत्रवायूच्या बऱ्याच भागाऐवजीं हेलियम घालतात व प्राणवायूहि कमी करतात. मात्र तळासाठीं केलेलें मिश्रण पृष्ठभागाजवळ घेतल्यास माणूस बेशुद्ध पडूं शकतो. तेव्हां वाटेवर वायु बदलणें आलें.

स्वीडनचा इंजिनीयर आर्ने झेटरस्ट्रॉम यास हेलियम दुर्मिळ होता, म्हणून त्यानें हायड्रोजन घेतला. त्यांत प्राणवायु चार टक्क्यांहून फार वाढला तर स्फोटाचें भय. चारच टक्के ठेवावा तर ३० मीटरांच्या वर तो श्वासास पुरत नाहीं. त्यानें तोड काढली ती अशी: प्रथम हवा, मग ४ टक्के प्राणवायु असलेला नत्रवायु, मग हायड्रोजन. ७ ऑगस्ट १९४५ रोजीं तो १६० मीटरांवर पोंचला. गणित चुकलें नव्हतें. परंतु वर खेंचणारांच्या गैरसमजानें वायु बदलावयाच्या जागीं न थांबवितां त्याला पृष्ठभागाजवळ आणलें गेलें, आणि तो गेला.

आज असे पाणबुडे प्रत्येक नळकांड्यांतील प्राणवायु स्वतः मोजून त्याची कमाल खोली वर ठळक लिहितात. तुमच्या नळकांड्यांत साधी हवाच होती हें तुम्हांस कोणी सांगितलें, असें आम्ही चिरंजीवांस विचारलें. त्यांनीं तें गृहीतच धरलें होतें.