सोलापुरात बघण्यासारखं काय आहे?

हा प्रश्न मी स्वतः विचारलाय, त्यामुळे पुढची बोलणी आधी मलाच. सोलापूर माझ्या बायकोचं गाव. गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेस पकडली, तेव्हा फोनमध्ये माझी यादी तयार होती: सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, शेंगा चटणी, कडक भाकरी, चादर. रविवारी परत. तिनं यादी वाचली आणि विचारलं, “आमचं घर यात कितव्या नंबरला?”

मी हसलो. तेव्हा मला तो जोक वाटला होता.

आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली. तेवढ्यात तिला माझं पुणं पाठ झालंय. आईच्या बीपीच्या गोळ्या कुठल्या मेडिकलमध्ये मिळतात, कुठल्या काकूंसमोर कुठला विषय काढायचा नाही, गॅसवाला कधी येतो, सगळं. हौसेनं शिकली, असं आमच्या घरात म्हणतात. हौस कसली डोंबलाची? शिकली नसती तर ‘अजून रुळली नाही’ हे ऐकावं लागलं असतं. मला सोलापूर येत नाही, याबद्दल मात्र मला कुणी अवाक्षर बोललेलं नाही. जावई म्हणजे पाहुणा. पाहुण्याला गाव दाखवतात, कामं सांगत नाहीत. आणि आम्हाला ते फार सोयीचं पडतं. बायकोनं नवऱ्याचं शहर जगायचं, नवऱ्यानं बायकोच्या शहराची सॅम्पल चाखायची, वर ‘पार्टनरचं शहर एक्स्प्लोर केलं’ म्हणून रील टाकायचं.

शनिवारी सकाळी सिद्धेश्वरला गेलो. तलावाच्या मधोमध देऊळ, देखणंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तिथून पार्क चौकाकडे, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आलो. सोलापुरात नुसतं ‘चार पुतळा’ म्हटलं तरी चालतं. मी फोटो काढत होतो, तर ती म्हणाली, “यांना फाशी कुठं दिली, माहितीये?”

माहीत नव्हतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरात मार्शल लॉ लावला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना फाशी दिली. कुठं, तर येरवड्याच्या तुरुंगात. मी रोज ऑफिसला येरवड्यावरूनच जातो. येरवडा म्हटलं की मला गांधीजी आठवतात, पुणे करार आठवतो, सिग्नलचं ट्रॅफिक आठवतं. तिला मात्र लग्नानंतर पहिल्यांदा तिथून जाताना हे चौघं आठवले होते. तिनं तेव्हा मला सांगितलं नाही, कारण मी गाडी चालवताना पॉडकास्ट ऐकत होतो.

मग मी यादी बंद केली. दुपारी तिच्याबरोबर पूर्व भागात गेलो, मावशीकडे. हिच्या घरी तेलुगू बोलतात. पिढ्यांपूर्वी विणकामासाठी सोलापुरात आलेल्या पद्मशाली घरांपैकी एक. गल्लीत शिरलं की यंत्रमागांचा खडखडाट सुरू होतो आणि थोड्या वेळानं तो ऐकू येईनासा होतो. माझ्या यादीतली ‘चादर’ ही दुकानात घ्यायची वस्तू होती. इथं ती कुणाच्या तरी बापाची पाठदुखी आहे.

मावशी विड्या वळतात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. तेंदूची पानं भिजवून मऊ केलेली, मापानं कात्रीनं कापलेली. पान उचलायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांवर. वाईट वळलेल्या कारखान्यात बाजूला काढतात. मी बघत बसलेलो दिसल्यावर म्हणाल्या, “काय बघायलालाव जावई? वळता का?” मी एक वळली. त्यांनी कौतुक केलं आणि माझी पाठ वळताच ती सोडून पुन्हा नीट वळली. पान वाया घालवून चालत नाही.

पण त्या दुपारी मी खरं तर माझ्या बायकोकडेच बघत होतो. पुण्यात ती मोजकं बोलते. मी मित्रांना कौतुकानं सांगायचो, आमची ही शांत आहे. इथं तेलुगूत तिचा आवाज दीडपट चढला होता. ती नकला करत होती, मावशीला मध्येच तोडत होती, कुणावर तरी चिडली होती, आणि अख्खं घर तिच्यावर हसत होतं. एवढी वर्षं मी जिला अबोल समजत होतो, ती फक्त माझ्या भाषेत, माझ्या घरात अबोल होती. हे कुठल्या ‘४८ तासांत सोलापूर’मध्ये सापडणार?

“दोन दिवसांत असं काय कळणार? निदान फिरून तरी घ्या,” असं तुम्ही म्हणाल. उलट दोनच दिवस आहेत म्हणून ते यादीत घालवू नका, असं माझं म्हणणं आहे. किल्ला पुढच्या वेळी तिथंच असतो. मावशी असतीलच असं नाही.

रविवारी उठलो तर मोरीतली पिंपं, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरलेली. इथं नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. रात्री आलं होतं. सगळं घर उठून पाणी भरत होतं आणि जावयाची झोप मोडू नये म्हणून माझ्या खोलीचं दार हळूच लोटून घेतलं होतं. आता हे पाणी कुठून येतं? बरंचसं उजनीतून. आणि उजनीत काय येतं? भीमा, आणि भीमेला मिळणारी आमची मुळा-मुठा, पुण्याच्या सांडपाण्यासकट. म्हणजे मी पुण्यात जे सांडतो, त्याच्या वाट्याला जाण्यासाठी ही माणसं रात्री जागतात, आणि मी आत झोपलेलो.

मी हे सगळं तावातावानं बोलून दाखवलं, तर हिनंच मला गप्प केलं. “दोन बादल्या उचलून क्रांती होत नाही. आणि आईला पाहुणचार आवडतो, तो काढून घेऊ नकोस.” बरोबर आहे तिचं. तरी मला उठवायला हवं होतं.

आता नारळी पौर्णिमेला जातोय, मार्कंडेयाच्या रथासाठी. यावेळी पाच दिवस, म्हणजे निदान एकदा तरी पाणी येईल. सासूबाईंना फोनवर सांगून ठेवलंय, मला उठवायचं. त्या “बरं बरं” म्हणाल्या, मग हिला फोन द्यायला सांगून तेलुगूत काहीतरी बोलल्या. दोघी बराच वेळ हसत होत्या.