चर्च सोडलं, माणसं कुठे सोडली?

रामपायलीच्या मंडळींनो, पोस्ट थोडी लांब होईल, सांभाळून घ्या. तीन वर्षं झाली, वारासिवनीच्या बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात एकच प्रश्न येतो: "काकाजी, प्रार्थनेला येणं काहून बंद केलं?"

काहून केलं ते माझं आणि देवाचं. मला बोलायचंय ते त्यानंतरचं.

बाहेरच्याला वाटतं चर्च म्हणजे रविवारचे दोन तास. नाही बाप्पा. आमच्यासारख्या गावात, जिथे विश्वासी घरं बोटावर मोजावी इतकी, तिथे चर्च म्हणजे ताप आला की येणारा डबा. मुलीच्या लग्नात पंगत वाढणारे हात. बुधवारी कुणाच्या तरी ओसरीवर चटई टाकून म्हटलेली भजनं. नाताळच्या दिवसांत मध्यरात्री दारात वाजणारी ढोलकी. आणि शेवटी पेटीला खांदा देणारे चौघे. मी सोडली ती रविवारची बैठक. बाकीचं मी सोडलं नव्हतं.

भांडण कुणीच केलं नाही. "मागे फिरलेल्यांशी उठबस नको" एवढंच एका रविवारी सांगितलं गेलं, आणि फोन थांबले. बायको अजून जाते. कोण आजारी, कुणाच्या घरी नातू झाला, हे मला तिच्याकडून कळतं, पेपरातल्या बातमीसारखं.

हा एकटेपणा म्हणजे देवाची शिक्षा, असं मला ऐकवलं जातं. देवाने माझा नंबर ब्लॉक केलेला नाही. तो माणसांनी केला.

आता टिळकांचं घ्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना, म्हणजे आपल्या गोंदियावरूनच, त्यांच्या हातात रेल्वेत नवा करार पडला. 1895 मध्ये मुंबईला बाप्तिस्मा घेतला. पुढे अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि 1917 मध्ये तीच मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत, 1919 ला, ते गेले. 'उपासना संगीत' उघडा, त्यांची भजनं भरलेली आहेत. मिशनमधून उठून गेलेल्या माणसाची भजनं डोळे मिटून म्हणायची, आणि शेजारचा उठून गेला तर त्याच्या दारावरून मान खाली घालून जायचं, हे कसं जमतं?

म्हणाल, टिळकांनी ख्रिस्त सोडला नव्हता. बरोबर. पण मी सोडला की नाही, हे विचारायला तरी एकजण घरी आला का? विचारतात ते बाजारात, पाय निघता निघता.

दुसरी बाजूही तयारच असते. "आता आपल्यात आले ना काकाजी?" हार आणायलाही तयार. आपल्या मध्यप्रदेशात 2021 चा कायदा आहे: धर्म बदलायचा तर 60 दिवस आधी कलेक्टरला कळवा, बापजाद्यांच्या धर्मात परतणाऱ्याला मात्र सूट. चर्चमधून उठून कुठेच न गेलेल्या माणसाचा रकाना कुणाकडेच नाही, ना सरकारकडे, ना पास्टरकडे, ना हारवाल्यांकडे.

शहरातला भाचा म्हणतो, मामा, काहीतरी छंद लावून घ्या. अरे बाबा, चाळीस वर्षांच्या माणसांच्या जागी कुंड्या ठेवू का? मी वेगळंच केलं. बोलावणं येण्याची वाट पाहणं सोडून दिलं. कुणी आजारी असल्याचं बायकोकडून कळलं की आता मीच डबा घेऊन जातो. पहिल्या घरी दारातच उभं ठेवलं. दुसऱ्या घरी म्हातारीने चहा केला आणि "भजन म्हण" म्हणाली. माझ्यासारखे आणखी दोघे निघाले, एक कटंगीकडचा. बुधवारी आम्ही बसतो. कधी गातो, कधी नुसतेच धानाचे भाव बोलतो.

तेव्हा मंडळीतल्या लोकांना साफ सांगतो: माझ्यासाठी प्रार्थना करताय असं कळलं, आभार. पण मला खोकला झाला होता तेव्हा आला असता तर जास्त बरं वाटलं असतं. कार्तिकच्या यात्रेत मी चंदन नदीच्या बाजूला असेन. या, चहा घेऊ. फक्त हजेरी घेऊ नका.