पैशाचे सोंग

सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही म्हण मी २०२४ च्या दिवाळीनंतर एका विद्यार्थ्याला ऐकवली. तो विरारचा, तृतीय वर्षाला मराठी घेतलेला. सप्टेंबरात पुन्हा प्रदर्शित झालेला 'तुंबाड' त्याने तीनदा पाहिला होता आणि मुंबईच्या कॉमिक कॉनसाठी तो हस्तरचा पोशाख तयार करणार होता. महिन्याला तीनशे रुपयांच्या वर खर्च करायचा नाही, जमेल तसे वर्षभर करत राहायचे, असा बेत. पोशाख करताना ठेवलेली टिपणवही प्रकल्प म्हणून चालेल का, असे त्याने विचारले. मी नाही म्हणालो आणि वर ही म्हण ऐकवली. त्याने मुकाट्याने श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वर निबंध लिहून दिला. (चित्रपटाने त्या कादंबरीकडून नाव घेतले, कथा वेगळी आहे.) निबंध बरा होता, गुणही बरे दिले. ती वही मी नंतर, पावसाळ्यात वाचली, आणि म्हणून हे लिहितो आहे.

'कॉस्प्ले' हा शब्द आपल्याकडे शिक्षकांच्या खोलीत हसण्यावारी नेला जातो. शब्द जपानमधून आला असला तरी चित्रपटावरून पोशाख शिवून संमेलनाला जाण्याची रीत त्याहून जुनी आहे. १९३९ साली न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे १९३६ च्या 'थिंग्ज टू कम' या चित्रपटावरून बेतलेले पोशाख घालून गेले. दोन्ही पोशाख मर्टलने शिवले होते. नाव मात्र पुढे बराच काळ अ‍ॅकरमनचेच झाले! आपल्याकडे बहुरूपी आहेच. पण त्याचे सोंग पोटासाठी असते आणि समोरच्याला क्षणभर तरी फसवणे हा त्याच्या धंद्याचा भाग असतो. माझ्या विद्यार्थ्याला कुणाला फसवायचे नव्हते. त्याला चित्रपट पुन्हा वाचायचा होता, एवढेच. तेच मला कळले नाही.

आपण साहित्याची माणसे वेषाला कमी लेखतो असेही नाही. गंधर्व नाटक मंडळीचे खरे शालू, गालिचे, अत्तरे यांविषयी आपण हळवे होऊन बोलतो, कंपनीवरच्या कर्जासकट. खर्चिक वेष ही कलानिष्ठा ठरते. पुठ्ठ्याचा वेष मात्र पोरखेळ. हा भेद कलेचा नसून पैशाचा आहे.

आता वहीविषयी. पहिल्या महिन्यात त्याने नाणी केली, कारण ती सर्वांत स्वस्त. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड सोनेरी कागद गोल कापायचा, दोन तुकडे पाठीला पाठ लावून चिकटवायचे, कडा बोथट करायच्या. म्हणजे पैशाचे सोंग त्याने पहिल्याच महिन्यात आणले होते. तिथे एक टीप आहे : नवी पत्रिका फार चकाकते; विनायकाच्या हाती येणारे सोने जुने, कुणी न वापरलेले वाटले पाहिजे. सोने भरपूर आणि धान्याचा दाणा नाही, हीच हस्तरची शिक्षा. कणकेच्या बाहुलीवर तो झडप घालतो ती म्हणूनच. हे मी वर्गातही सांगू शकलो असतो. पण पुढे तो लिहितो की नाणी करताना सुट्टीच्या दिवशी जेवायचे राहून गेले आणि हस्तर तेव्हा पहिल्यांदा समजला.

जूनमध्ये कातडी करायला घेतली. जुनी लांब बाह्यांची बनियन, तिच्यावर फेविकॉलमध्ये भिजवलेल्या कागदाचे थर. वसईचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. थर वाळेनात, बुरशी धरली, दोनदा सगळे खरवडून काढावे लागले. 'तुंबाडमध्ये काहीच वाळत नाही,' असे एकच वाक्य त्या तारखेखाली आहे. राही अनिल बर्वे यांच्या या चित्रपटातल्या पावसावर पुष्कळ लिहिले गेले आहे. इतके नेमके मी वाचलेले नाही. नंतर रंगाचा शोध. बाजारातला लाल उघडा वाटला, म्हणून त्यात गेरू मिसळला, आणि मग त्याच्या ध्यानात आले की आपण शोधतो आहोत तो रंग देवीच्या गर्भाच्या भिंतींचा आहे. आईने ज्याला परत पोटात घेतले त्याची कातडी वेगळ्या रंगाची कशी असेल?

लंगोटाला तीन महिने लागले. नाणी पडली पाहिजेत, पण सगळी एकदम नाही; आतल्या कप्प्यांची शिवण त्याने आईकडून चार वेळा उसवून घेतली. विनायक आयुष्यभर मूठमूठ सोने आणतो आणि निभावून नेतो. मुलगा अख्खा लंगोटच पळवायची कल्पना काढतो, तिथे नाश होतो. ज्याला थोडेथोडेच परवडते त्याच्या हाताला हे कथानक जितके कळेल, तितके एका दिवसात भाड्याने कपडेपट आणणाऱ्याला कळणार नाही असे माझे मत आहे. चित्रपटही तसाच बनला : २०१२ मध्ये चित्रीकरण, २०१५ मध्ये पुन्हा चित्रीकरण, आणि प्रदर्शन २०१८ मध्ये.

यात गरिबीचे कौतुक होते आहे का? ही शंका मला आहे. विद्यार्थ्याला विचारले तर तो सरळ म्हणाला, 'पैसे असते तर चांगला फोम घेतला असता, सर.' घ्यावाच. माझी तक्रार त्याच्या परिस्थितीबद्दल नाही, आमच्या मोजपट्टीबद्दल आहे. कादंबरीवरचा चित्रपट हे आम्ही अर्थनिर्णयन मानतो, चित्रपटावरचा लेख समीक्षा मानतो. चित्रपटावरून केलेली शिवण मात्र कुठल्याच रकान्यात बसत नाही. दोघांतले चांगले वाचन कोणते, हे मी त्या वर्षी चुकीचे ठरवले. गुणपत्रिका आता बदलता येत नाही.

मुखवट्याची उंची त्याने विरार लोकलच्या सामानाच्या रॅकवरून ठरवली आहे. भल्या पहाटे रिकाम्या डब्यात चढून टेपने मोजून आला. सगळे सुटे होऊन दोन पिशव्यांत मावले पाहिजे, नाहीतर गर्दीत अंधेरीपर्यंत हस्तरचा भुगा व्हायचा. नखे अजून व्हायची आहेत. काही नाणी बुरशीत गेली, तीही पुन्हा करायची आहेत. मागच्या आठवड्यात त्याने जुन्या लग्नपत्रिका असतील तर मागितल्या. घरातला गठ्ठा दिला. त्यात आमच्या लग्नाची एक उरलेली पत्रिका होती, सोनेरी रंग काळवंडलेली. ती बाजूला काढू लागलो, तर तो म्हणाला, 'सर, हाच रंग हवा होता.'